गाडीला झोप लागत नव्हती

निवांतरावांच्या गाडीनं त्या महिन्यात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. आदल्या संध्याकाळी डोंगर चढून-उतरून आलेली धडधाकट गाडी सकाळी बटण दाबलं की नुसती ‘टिक’ म्हणायची आणि गप्प बसायची. दिवे नाहीत, हॉर्न नाही, दारसुद्धा उघडायला तयार नाही. मग शेजाऱ्याला उठवा, त्याची गाडी हिच्या नाकासमोर आणून उभी करा, केबली जोडा, आणि तो जोडता जोडता जे काही ऐकवेल ते निमूट ऐकून घ्या. एवढं केलं की ही घुर्रकन जागी, जसं काही झालंच नाही. दिवसभर तक्रार म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं की पुन्हा तीच रड.

निवांतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. फोटोंना आणि चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान होतं त्यांचं, आणि घाई हा शब्द त्यांना लहानपणी कुणी शिकवलाच नव्हता. गिऱ्हाईक दारात उभं राहून तणतणत असलं तरी हे आपले काचेवर फुंकर मारून फडकं फिरवत बसणार. गल्लीनं एकदा नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. घरात ते बाबा होते, आणि त्यांची एकुलती एक लेक सध्या त्यांच्या या निवांतपणाला पार वैतागली होती.

ती वैतागणारच की. नववा महिना लागलेला. नवरा बोटीवर, आणि बोट कुठल्या समुद्रात आहे हे त्यालाही धड सांगता येत नव्हतं. दवाखाना डोंगरापलीकडच्या मोठ्या गावात. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब दोनदा मोजून पाहिला होता आणि चष्मा काढून सांगितलं होतं, “दुखायला लागलं की घरी वाट बघत बसायचं नाही. लगेच निघायचं. दिवस असो, रात्र असो.” ॲम्ब्युलन्स होती, पण तीही डोंगरापलीकडूनच येणार, म्हणजे यायला तेवढा वेळ आणि जायला तेवढाच. तेव्हा सगळी मदार गाडीवर, आणि गाडीचं हे असं.

बाबांना काही पडलेलीच नव्हती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं. “होईल गं सगळं,” ते म्हणायचे. “नाहीच चालू झाली तर ढकलत नेईन. उताराला काय, आपोआप जाईल.” वर स्वतःच हसायचे. आणि अलीकडे त्यांना नवीनच खोड लागली होती. बसतील तिथं झोपायचे. जेवताना घास हातात धरून पेंगायचे, मटार सोलता सोलता हनुवटी छातीवर टेकायची. परवा दुकानात कुणाच्या तरी आजोबांचा फोटो त्यांनी डोकं खाली आणि पाय वर असा चौकटीत ठोकून दिला होता, गिऱ्हाईक पोट धरून हसलं म्हणून बरं. लेक त्यांच्याकडे बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. इथं आपला जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस दिवसाढवळ्या घोरतोय.

त्यात आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, दवाखान्याच्या रस्त्यावरच राहणारी. तिचा रोज फोन यायचा आणि रोज ती ‘माझ्याकडे ये’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणायची. शुक्रवारी मात्र तिनं निकालच लावला. “रविवारी सकाळी मी भाड्याची गाडी घेऊन येते आणि तुला इकडे घेऊन जाते. तुझ्या बापाच्या आणि त्या डबड्याच्या भरवशावर मी तुला सोडणार नाही. तो झोपून राहील आणि गाडीही.”

आत्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. तिच्याकडे जायचं लेकीच्या जिवावर आलं होतं. आत्याच्या घरात श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो हे एक झालं. पण खरं कारण तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात ती आणि बाबा, दोघंच. मूल जन्माला येईल तेव्हा दाराबाहेर बाबा असावेत, घाबरलेले असावेत, येरझाऱ्या घालणारे असावेत, असं तिला फार वाटत होतं. एकदा तरी या माणसाच्या कपाळावर आपल्यासाठी आठी पडलेली तिला बघायची होती. त्यासाठी गाडी रविवारच्या आत बरी व्हायला हवी होती.

गाडी बरी करणारा माणूस घरातलाच होता. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा मामा, गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. खालच्या बाजारात त्याचं वर्कशॉप होतं आणि सगळा बाजार त्याला मीटरमामा म्हणायचा, कारण गळ्यात वीज मोजायचा मीटर अडकवल्याशिवाय तो चहासुद्धा प्यायचा नाही. नम्रपणाशी त्याचं फारसं जमत नसे. “माझ्या हातून गेलेली गाडी परत येत नाही,” हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आणि हीच गाडी नेमकी परत परत येत होती, तीही सख्ख्या बहिणीच्या घरची. त्याचा अगदी तिळपापड झाला होता.

पहिल्यांदा त्यानं बॅटरी बघितली, जुनी झाली म्हणाला आणि नवी बसवली. नवीही तिसऱ्या सकाळी उतरली. मग त्यानं चालत्या गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर काढून बघितला, डिक्कीतला दिवा जळत राहतो का ते बघायला स्वतः डिक्कीत शिरून वरून झाकण लावून घेतलं, आणि त्याला बाहेर काढायला शेजारच्या टपरीवाल्याला यावं लागलं. शेवटी गाडी दोन रात्री वर्कशॉपवरच ठेवून घेतली. दोन्ही सकाळी गाडी एका दाबात सुरू. घरी आणली की दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘टिक’.

“तिकडे माझ्याकडे बाळासारखी झोपते,” मामा शनिवारी दुपारी गाडीच्या शेडमध्ये उभा राहून म्हणाला, “आणि इथं आली की हिला काय होतं कुणास ठाऊक. म्हणजे खोट गाडीत नाही, या घरात आहे.”

“मग घराला मीटर लाव,” बाबा म्हणाले आणि जांभई दिली.

“तेच करायला आलोय, दाजी. तुम्ही फक्त मधे मधे करू नका.”

“मी कशाला करतोय. मी जरा आडवा होतो.” असं म्हणून बाबा आपल्या खोलीत गेले. त्यांची खोली शेडला लागूनच होती, मधे फक्त एक भिंत. पूर्वी गाडी फाटकाजवळ झाडाखाली उभी असायची. अलीकडे बाबांनी ती शेडमध्ये, अगदी भिंतीला खेटून, तोंड रस्त्याकडे करून लावायला सुरुवात केली होती. लेकीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, की झाडावरचे पक्षी काच घाण करतात.

मामानं बॉनेट उघडलं. बॅटरीची एक वायर सोडवली, आणि सुटलेली वायर आणि बॅटरी यांच्या मधे मीटर जोडला. “आता बघ,” तो भाचीला म्हणाला, “गाडीला जे काही प्यायचंय ते या मीटरमधून प्यावं लागणार. चोरून एक थेंब घेता येणार नाही.” दार त्यानं उघडंच ठेवलं, पण दाराच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं दाबून बंद केली, म्हणजे दार लागलंय असं गाडीला वाटावं. लेकीला या फसवणुकीची गंमत वाटली. मामानं तिला खुर्ची आणून दिली आणि ओठांवर बोट ठेवलं.

“गाडीला आवाज ऐकू येतो?” तिनं हळूच विचारलं.

“गाडीला नाही येत. मला येतो. गप्प बस.”

मीटरवर एक आकडा होता, बराच मोठा. मामा बोटानं दाखवून कुजबुजला, “गाडी बंद केली म्हणजे ती झोपली असं नसतं. हिच्या पोटात पुष्कळजण राहतात. काचांचा एक, कुलपांचा एक, दिव्यांचा एक, रेडिओचा एक. मालक गेला की थोडा वेळ सगळे जागे राहतात, परत येतोय का बघतात. मग एकेक जण पडतो.”

लेकीला ही थापच वाटली. मामाच्या थापा तिला लहानपणापासून ठाऊक होत्या. पण तेवढ्यात डॅशबोर्डच्या आत कुठं तरी ‘कट’ असा बारीक आवाज झाला आणि मीटरवरचा आकडा एकदम अर्ध्यावर आला. “काचांचा झोपला,” मामा म्हणाला. काही वेळानं मागच्या सीटखालून येणारी एक गुणगुण थांबली. ती गुणगुण चालू होती हे थांबल्यावरच कळलं. आकडा आणखी उतरला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक ‘कट’, आणि आकडा इतका लहान झाला की आधीच्या आकड्यापुढं तो काहीच नव्हता. मामानं मान हलवली. “एवढं घड्याळाला लागतं. झोपली.”

लेक खुर्चीत बसून बघतच राहिली. इतकी वर्षं ती या गाडीत बसत होती. मागच्या सीटवर तिनं अभ्यास केला होता, भांडणं केली होती, एकदा ओकलीही होती. आणि आपण दार आपटून घरात गेल्यावर ही मागं एकटी राहून असं एकेक डोळा मिटत झोपी जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं नकळत पोटावर हात ठेवला. आतलंही बहुतेक झोपलं होतं. शेडमध्ये इतकी शांतता होती की तिला काही बोलावंसंच वाटेना.

आणि आकडा चढला.

कुणी हात लावला नव्हता. वारासुद्धा नव्हता. आकडा एकदम मोठा झाला, आत ‘कट कट’ वाजलं, आणि मग पुन्हा पायरी पायरीनं उतरू लागला. तळाशी पोचतो न पोचतो तोच पुन्हा चढला. मामा सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला होता आणि तिथं एक निराळंच कुतूहल आलं होतं.

“हिला कुणी तरी उठवतंय,” तो म्हणाला.

“कोण?”

“तेच तर बघायचंय.”

मग त्यानं फ्यूजची पेटी उघडली. एक फ्यूज उपटायचा, आकड्याकडे बघत थांबायचं, चढला की तो फ्यूज परत बसवायचा आणि दुसरा उपटायचा. रेडिओचा उपटला, आकडा चढला. दिव्यांचा उपटला, चढला. मामाच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि नाकावरून मीटरवर पडला तरी तो हलला नाही. मग त्यानं कुलपांच्या यंत्रणेचा फ्यूज उपटला आणि आकडा तळाशी गेला तो तिथंच राहिला. दोघांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. चढला नाही.

मामा बॅटरीच्या कडेवर हात टेकून विचार करत उभा राहिला. “कुलपांचा जो आहे ना, तो कधीच पुरता झोपत नाही. त्याचा एक कान उघडा असतो. चावी जवळ आली की त्याला कळतं, मालक आला, आणि तो सगळ्यांना उठवतो. ही चावी भोकात घालायची नाही, नुसती खिशात असली तरी पुरते. पण ती हलायला हवी. पडून राहिली की ती गप्प. हलली की हाक मारते.” मग त्यानं मान वर केली. “चावी कुठंय?”

“हॉलमध्ये, खुंटीवर. नेहमीची जागा.”

“बघून ये.”

ती जड पावलांनी उठली, हॉलमध्ये गेली. खुंटीवर छत्री होती, चावी नव्हती. टेबलावर नव्हती, फ्रीजवर नव्हती, बाबांच्या कोटात नव्हती. ती परत येऊन तसं सांगू लागली, तर मामानं तो फ्यूज परत बसवला होता आणि एक तळहात भिंतीवर टेकवला होता. बाबांच्या खोलीच्या भिंतीवर. “ही माझ्या वर्कशॉपमध्ये झोपते,” तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, “कारण तिथं चाव्या पार पलीकडच्या टोकाला कपाटात असतात.” मग तिच्याकडे वळून म्हणाला, “दाजी झोपलेत ना?”

“हो. कधीचे.”

“जरा बघ.”

खोलीची खिडकी शेडच्या मागच्या बाजूला होती. पडदा अर्धा ओढलेला होता. लेक भिंतीला धरून धरून तिथवर गेली आणि आत डोकावली.

बाबा झोपलेले नव्हते. अनवाणी पायांनी ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, पलंगापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून पलंगापर्यंत. गळ्यात दोरी होती आणि दोरीला गाडीची चावी. ती चावी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. दुसरा हात पुढे, हवेत, नसलेल्या स्टिअरिंगवर. ओठ हलत होते. तिनं कान दिला.

“फाटक, डावीकडे,” बाबा पुटपुटत होते. “पुलाजवळ खड्डा, तिथं हळू. चढणीला समोरून ट्रक आला तर हॉर्न, लांबूनच हॉर्न. तिला मागं आडवं करायचं, उशी मागं. बोलत राहायचं. काही तरी बोलत राहायचं तिच्याशी. दवाखान्याचं मागचं दार, पुढचं नाही, पुढं पायऱ्या आहेत.” कपाटाशी पोचले की ते वळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून, “फाटक, डावीकडे.”

त्यांच्या कपाळावर आठी होती. एक नव्हे, चांगल्या तीन-चार होत्या, आणि खालचे डोळे इतके खोल गेले होते की हे आपल्याला इतके दिवस दिसलं कसं नाही, याची तिला लाज वाटली.

“चढला,” शेडमधून मामाचा दबका आवाज आला.

बाबा कपाटापाशी वळले होते. मग ते पलंगाजवळ आले आणि क्षणभर तसेच उभे राहिले, बहुधा पुढची वळणं आठवत. चावी मुठीत स्थिर होती.

“उतरतोय,” मामा म्हणाला. “आणखी उतरला. झोपत आली.”

बाबांनी पाऊल उचललं.

“चढला.”

मामाला भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. तो फक्त आकडा बघत होता आणि आकडे सांगत होता. बाबांना मामाचं ऐकू जात नव्हतं. ते फक्त चालत होते. आणि मधे ती उभी होती, खिडकीची कड धरून. तिचा बाप कधी थांबतो, कधी चालतो, कधी कसल्या विचारानं अस्वस्थ होतो, ते सगळं ती गाडी भिंतीपलीकडून ऐकत होती आणि प्रत्येक वेळी त्याच्यासाठी उठून बसत होती. घरातल्या एकाही माणसाला जे कळलं नव्हतं ते हिला रोज रात्री कळत होतं. किती तरी वेळ तिला तिथून हलावंसं वाटलं नाही.

मग ती घरात गेली आणि बाबांच्या खोलीचं दार ढकललं.

बाबांनी चावी झटकन शर्टाच्या आत टाकली, शाळेतल्या पोरानं चिंच लपवावी तशी. “झोप झाली माझी,” ते म्हणाले. “मस्त लागली होती.”

“बाबा, खोटं बोलू नका. ती गाडी सगळं सांगतेय.”

तिच्या मागोमाग मामाही दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, काय घडत होतं ते. बाबा पलंगावर बसले. आधी हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही.

“म्हणजे मीच,” ते म्हणाले. “मीच उतरवत होतो होय तिला.”

“कधीपासून झोपला नाहीत?” लेकीनं विचारलं.

“दिवसा पडते गं झापड. दुकानात, जेवताना. रात्री नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, रात्र असली तरी लगेच, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. पडतो, पण नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. मधे मधे उठतो, तुझ्या दाराशी येऊन ऐकतो, कण्हतेस का ते. परत येतो. चावी शोधण्यात वेळ जायला नको म्हणून गळ्यात बांधली. गाडी जवळ हवी म्हणून भिंतीशी आणली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू आधीच घाबरलेली. मी पण घाबरलोय हे कळलं असतं तर तू कुणाकडे बघितलं असतंस?” त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “आणि दुसरं म्हणजे, तुझ्या आईच्या वेळी मी झोपलो होतो. शेजारी होतो. इतक्या जवळ, आणि गाढ झोपलो होतो. सकाळी चहाला हाक मारली तेव्हा कळलं.”

बाबांनी हे आजवर कधी उच्चारलं नव्हतं. मामा हातातला स्क्रूड्रायव्हर उगाच बोटांमध्ये फिरवत होता. शेवटी तोच पुढं आला आणि बाबांच्या शेजारी बसला.

“दाजी, तीही झोपलेलीच होती,” तो म्हणाला. “झोपेतच गेली. तिनं तुम्हाला उठवलं नाही, कारण तिलाच कळलं नाही. मी तेव्हा खालच्या बाजारात झोपलो होतो, ही वसतिगृहात झोपली होती. सगळेच झोपलो होतो हो. तुम्ही एकटेच कशाला जागून काढताय ती रात्र?”

बाबांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

मामानं स्वयंपाकघरातून स्टीलचा एक डबा आणला, घट्ट झाकणाचा. चावी यात टाकायची, झाकण लावायचं, म्हणजे ती कितीही हलली तरी गाडीपर्यंत तिची हाक पोचणार नाही, असं त्यानं सांगितलं. डबा लेकीच्या उशाशी राहील, आणि चावी तिथं असली की बाबांना दाराशी यायचं कारणही उरणार नाही.

“आणि मला जाग नाही आली तर?” बाबांनी विचारलं.

“बाबा, दुखणार माझ्या पोटात आहे,” लेक म्हणाली. “तुमच्या आधी मलाच कळेल. मी येऊन उठवीन. हवं तर पाणी ओतीन तोंडावर.”

बाबांनी दोरी डोक्यावरून काढली. मानेवर दोरीचा लाल वळ उठला होता. चावी त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली, पण बोटं लगेच सोडवेनात, तिनंच ती हलक्या हातानं सोडवली. मग ते आडवे झाले आणि तिनं पडदा ओढून घेतला.

ती आणि मामा पुन्हा शेडमध्ये आले. आकडा उतरू लागला होता. ‘कट’. काचांचा झोपला. सीटखालची गुणगुण थांबली. पुन्हा ‘कट’. आकडा तळाशी गेला आणि तिथंच थांबला. दोघंही हातांची घडी घालून बघत राहिले. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून घोरण्याचा आवाज आला, आधी अडखळत, मग चांगला दणदणीत. इतकी वर्षं याच कामात घालवलेला माणूस, पण त्या दोन इंची काचेतल्या आकड्याकडे तो कुणी समोर उघडून ठेवलेल्या नवलाकडे बघावं तसा बघत होता. लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी पहिल्या दाबात सुरू झाली. लेकीनं आत्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

“आणि तुझा बाप कुठंय?” आत्यानं विचारलं.

“झोपलेत.”

“बघ. मी म्हटलं नव्हतं?” आत्या म्हणाली, आणि लेकीला इतकं हसू आलं की फोन खाली ठेवावा लागला.

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. आठवड्याभरानं पहाटे तिला दुखायला लागलं, गाडी सुरू झाली, दवाखान्याच्या मागच्या दारानं ते आत गेले आणि दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाबा बाहेर येरझाऱ्या घालत होते. आत्याही आली होती आणि तिनं सगळ्यांना रागावून घेतलं.

सांगण्यासारखं आहे ते त्या पहाटेचं. कळ येऊन गेल्यावर लेक उठली, उशाचा डबा उचलला आणि बाबांच्या खोलीत गेली. नुकतं फटफटलं होतं. बाबा पाठीवर पडले होते, तोंड उघडं, एक पाय पलंगाखाली लोंबत होता, आणि छाती संथपणे वरखाली होत होती. त्यांना असं झोपलेलं तिनं आई गेल्यापासून पाहिलंच नव्हतं. ती हाक मारणार तेवढ्यात दुसरी कळ आली. ती पलंगाच्या कडेवर बसली, डबा मांडीवर घट्ट धरला, ओठ दाबले आणि तोंडातून आवाज फुटू दिला नाही. ती एक कळ तिनं त्यांना झोपू दिलं. कळ पुरती ओसरली तेव्हा तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.